यंत्राच्या पोटातला कागद

ज्यांच्या घरात एके काळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. बटण फिरवल्याबरोबर आवाज येत नसे. आधी काट्यामागचा दिवा लागे, मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून आतल्या काचेच्या नळ्या तांबूस होताना दिसत आणि मग कुठूनतरी लांबून चालत आल्यासारखा निवेदकाचा आवाज हळूहळू जवळ येई. 'थांब, रेडिओ तापू दे,' असे घरातले मोठे माणूस म्हणे. पुढे ट्रान्झिस्टर आला, आवाज तत्काळ मिळू लागला आणि व्हॉल्व्ह हा शब्द आपल्या बोलण्यातून निघून गेला.

पण ही काचेची नळी अजून नांदते आहे अशी एक जागा जगात आहे. ती म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये साठ-पासष्ट वर्षांपूर्वी बनलेले असे ध्वनिवर्धक आजही दुरुस्त होतात आणि रंगमंचावर जातात. इतकेच नव्हे, तर त्याच जुन्या नकाशाबरहुकूम हौशी माणसे घरच्या टेबलावर नवे ध्वनिवर्धक बांधतात. यामागे त्या आवाजाचे प्रेम आहे, हे तर झालेच. पण केवळ प्रेमाने यंत्रे जगत नाहीत. या यंत्राचा इतिहास पाहिला की दुसरे एक कारण समोर येते. हे यंत्र दुरुस्ती करणाऱ्या माणसांनी बनवले आणि बनवताना आपल्यामागून येणाऱ्या दुरुस्ती करणाऱ्याची आठवण ठेवली.

सुरुवात थोडी मागून करू. १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी दोन विद्युतअग्रे असलेली निर्वात नळी तयार केली. तिच्यातून वीज एकाच दिशेने जाई, म्हणून तिला 'व्हॉल्व्ह' म्हणजे झडप हे नाव मिळाले. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तिसरे अग्र बसवण्याच्या दिशेने पाऊल टाकले. ही तिसरी वस्तू म्हणजे तारेची एक बारीक जाळी. गंमत अशी की आपली नळी नेमकी का चालते, हे खुद्द डी फॉरेस्ट यांनाही नीट उमगले नव्हते. नळीत थोडा वायू हवाच, असे ते धरून चालले होते. तो काढून टाकला तरच नळी भरवशाने चालते, हे नंतर टेलिफोन कंपनीच्या संशोधकांनी दाखवले. १९१५ साली न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये टेलिफोनवर बोलणे सुरू झाले, ते वाटेत जागोजाग बसवलेल्या या नळ्यांमुळे. माणसाचा थकलेला आवाज उचलून पुढच्या टप्प्यापर्यंत पोचवणे, हे व्हॉल्व्हचे पहिले मोठे काम.

ती हे काम करते कसे? शेताच्या पाटाला बसवलेली फळी डोळ्यांसमोर आणा. पाणी कालव्याचे असते, जोर पाण्याचा असतो. पण फळी बोटभर वर-खाली केली की केवढा तरी प्रवाह वाढतो किंवा कमी होतो. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडपासून इलेक्ट्रॉन सुटतात आणि बाहेरच्या धातूच्या प्लेटकडे धावतात. मधली जाळी ही फळी. गिटारच्या तारेखाली बसवलेल्या लोहचुंबकाच्या गुंडाळीतून येणारी वीज अगदी क्षीण असते. ती या जाळीवर दिली की प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह तिच्या तालावर कमी-जास्त होतो. गिटारच्या ध्वनिवर्धकात सर्वाधिक वापरली जाणारी छोटी व्हॉल्व्ह म्हणजे १२एएक्स७. युरोपात हिलाच ईसीसी८३ म्हणतात. तिचा वर्धनगुणांक १०० आहे.

गिटारला याची गरज पडली ती १९३०च्या सुमारास. नाचगाण्याच्या वाद्यवृंदात तुताऱ्या आणि ढोल यांच्यापुढे बिचाऱ्या गिटारचा आवाज कुणालाच ऐकू जात नसे. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे जॉर्ज बोशां आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी लोहचुंबकाची गुंडाळी असलेली गिटार बाजारात आणली. गिटार विजेवर चालू लागली की तिला ध्वनिवर्धक हवाच. आता हे यंत्र बांधायचे कुणी? व्हॉल्व्हची विद्या तेव्हा जिथे गल्लीबोळात पोचली होती, ती जागा म्हणजे रेडिओ दुरुस्तीचे दुकान.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन या गावी १९३८ साली लिओ फेंडर यांनी असेच एक दुकान थाटले. फेंडर हिशेबनीस म्हणून नोकरी केलेले गृहस्थ. लहानपणी त्यांचा एक डोळा गेला होता. गिटार त्यांना कधीच वाजवता आली नाही. पण रेडिओ आणि ध्वनिवर्धक दुरुस्तीला येत होते आणि ते उघडून पाहताना कोणता भाग आधी जळतो, कुठला जोड सुटतो, कुठे हात पोचत नाही, हे त्यांना रोज दिसत होते. १९४६ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, तेव्हा हा सारा अनुभव त्यांच्या यंत्रात उतरला. नवा नमुना गावातल्या वादकांकडे द्यायचा, त्यांनी तो रात्रीच्या कार्यक्रमात वाजवायचा, काय बिघडले ते येऊन सांगायचे, आणि मग सुधारणा करायची, अशी त्यांची पद्धत होती.

फेंडरचा जुना ध्वनिवर्धक उघडणे अवघड नसते. मागची फळी आणि काही स्क्रू काढले की धातूचा सांगाडा हातात येतो. आत एका जाड पुठ्ठ्यासारख्या पट्टीवर रेझिस्टन्स आणि कंडेन्सर ओळीने मांडलेले असतात. एकावर एक चढवलेले काही नसते. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि प्रत्येक जोडापर्यंत सोल्डरची इस्त्री पोचते. पेटीच्या आत एक कागद चिकटवलेला असतो. कोणत्या जागी कोणती व्हॉल्व्ह बसवायची, हे त्यावर छापलेले असते. अनेक कागदांवर अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपन्यांच्या पेटंटचा परवाना घेतल्याची ओळही दिसते. टेलिफोनच्या तारेपासून निघालेली विद्या गिटारपर्यंत कशी पोचली, याचा तो पुरावाच आहे.

कागदावर यंत्राचा क्रमांकही असतो. '५एफ६-ए' ही अक्षरे घ्या. पहिला पाच म्हणजे १९५०चे दशक, 'एफ' म्हणजे नकाशाची कितवी आवृत्ती, आणि सहा म्हणजे 'बासमन' हे मॉडेल. शेवटचा 'ए' आणखी एका किरकोळ फेरफाराची खूण. म्हणजे आमचे यंत्र पहिल्याच दिवशी परिपूर्ण जन्मले, असा दावा तिथे नाही. आम्ही ते किती वेळा सुधारले, हे नावातच सांगितले आहे. फेंडरच्या अनेक छापील नकाशांवर जागोजाग किती व्होल्ट मिळायला हवेत त्याचे आकडे दिलेले असतात आणि त्याखाली असाही खुलासा असतो, की हे आकडे २० टक्के इकडे-तिकडे झाले तरी चालतील. ही सूचना ग्राहकासाठी नाही. ती दूरगावच्या, कधीही न भेटलेल्या कारागिरासाठी आहे.

आणखी एक खूण सांगावीशी वाटते. या कारखान्यात सांगाड्यांची जोडणी मुख्यतः स्त्रिया करीत, आणि त्यांत मेक्सिकन वंशाच्या अनेकजणी होत्या. जोडणी पूर्ण झाली की कागदी चिकटपट्टीवर आपले नाव लिहून त्या ती पट्टी आत लावून ठेवीत. आज एखादा कारागीर जुनी पेटी उघडतो तेव्हा आत 'लिली' किंवा 'लूपे' असे हाताने लिहिलेले नाव त्याला भेटते. जगभर गाजलेल्या गिटारवादकांच्या आवाजामागे या बायकांचे हात आहेत आणि त्यांची सही पेटीच्या अंधारात राहिली आहे.

आता या कथेचा इंग्लंडमधला भाग. लंडनच्या पश्चिमेला हॅनवेल येथे जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. मार्शल हे ड्रम वाजवणारे आणि शिकवणारे. त्यांच्या दुकानात तरुण गिटारवादकांचा अड्डा जमे. त्यांना अमेरिकन ध्वनिवर्धक हवे असत, पण ते फार महाग पडत. दुकानात दुरुस्तीचे काम पाहणारे केन ब्रॅन म्हणाले, आपणच बनवू. त्यांनी जोडीला घेतला डडली क्रेव्हन हा अठरा वर्षांचा शिकाऊ मुलगा. १९६२ साली या मंडळींनी फेंडरचा बासमन समोर ठेवला आणि त्याच्या नकाशावरून आपले यंत्र बांधायला घेतले. एकामागून एक नमुने झाले. सहावा मनासारखा उतरला, असे मार्शल सांगत. त्याला जिम आणि त्यांचा मुलगा टेरी यांच्या आद्याक्षरांवरून 'जेटीएम ४५' हे नाव मिळाले.

नकाशा जवळजवळ तोच, पण आवाज वेगळा! असे का झाले? कारण भाग तिथल्या बाजारात मिळतील ते घातले. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमधले. फेंडरने पहिल्या जागी कमी वर्धनाची १२एवाय७ ही व्हॉल्व्ह घातली होती. मार्शलच्या दुकानात तिथे ईसीसी८३ आली आणि पहिल्याच टप्प्यावर वर्धन दुपटीहून अधिक झाले. बासमनमध्ये दहा इंची चार स्पीकर उघड्या पाठीच्या पेटीत होते. इथे बारा इंची चार स्पीकर बंद पेटीत बसवले. या लहानसहान फरकांतून आवाजाला नवा खरखरीत भरदारपणा आला आणि १९६०च्या दशकातल्या रॉक संगीताला आपला सूर सापडला. याला नक्कल म्हणायचे की परंपरा? फेंडरनेही टेलिफोन आणि रेडिओ कंपन्यांच्या पुस्तिकांतल्या मांडणीवरूनच आपले नकाशे उभे केले होते. उसने घेतलेली वस्तू घरच्या सामानाने दुरुस्त करता करता तिचे काहीतरी वेगळेच होऊन जाते, असे इथे दोनदा घडले.

या यंत्राच्या इतिहासातली सर्वांत मोठी गंमत याच खरखरीत आवाजाची आहे. इंजिनीअरच्या दृष्टीने ती खोट होती. ध्वनिवर्धकाने आवाज जसाच्या तसा मोठा करावा, त्यात स्वतःचे काही मिसळू नये, असा नियम. पण व्हॉल्व्हला तिच्या ताकदीपलीकडे ताणले की लहरींची टोके कापली जातात, तीही एकदम नव्हे, कडा घासून गोल झाल्यासारखी. त्यामुळे मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर उमटतात. १९६४ साली 'द किंक्स' या इंग्लिश वाद्यवृंदाचे डेव्ह डेव्हिस यांनी तर आपल्या छोट्या ध्वनिवर्धकाच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि त्या फाटक्या आवाजाचे गाणे गाजले.

आपल्या कानांना हे परके वाटण्याचे कारण नाही. तंबोऱ्याची जवारी ही काय असते? घोडीचा माथा कानाने अंदाज घेत घासायचा, तारेखाली दोरा सरकवायचा आणि तार घोडीला हलकी घासू द्यायची. कोरा स्वर जाऊन त्याच्या जागी झंकारणारा, उपस्वरांनी भरलेला स्वर येतो. आणि हे काम करणाऱ्या मिरजेच्या कारागिरांचा इतिहास तरी काय सांगतो? शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात आधी वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि दुरुस्ती करता करता तंबोरे घडवू लागले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे मूळ दुरुस्तीच्या पाटावर आहे. फुलर्टन, हॅनवेल आणि मिरज ही तीन गावे एकमेकांना ओळखत नव्हती. वाट मात्र एकच चालली.

आता दुरुस्ती प्रत्यक्ष कशी होते ते पाहू. अनेक वर्षे बंद असलेला ध्वनिवर्धक शहाणा कारागीर थेट विजेला लावत नाही. तो वाटेत एक साधा बल्ब जोडतो. आपल्याकडचे मेकॅनिकही हा 'सिरीज बल्ब' वापरतात. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि यंत्र वाचते. मग पाळी येते मोठ्या कंडेन्सरची. त्यांच्या आतले ओले रसायन काही दशकांत सुकते आणि स्पीकरमधून सतत घुमणारी घरघर ऐकू येते. जुने कार्बनचे रेझिस्टन्स वयाबरोबर आपली किंमत वाढवत नेतात. कुठला जोड सैल आहे हे पाहायला चालू यंत्रावर लाकडी काडीने हळूच ठोकत जायचे. काडी दुखऱ्या जागी लागली की यंत्र कुरकुरते. वैद्याने पोटावर बोटे दाबत विचारावे, तसाच हा प्रकार.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. हे काम नवशिक्याने एकट्याने करायचे नाही. आत ४०० व्होल्टहून अधिक दाब असू शकतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर तो दाब धरून ठेवतात. बंद, थंड, निर्जीव दिसणारी पेटी माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून जुने कारागीर आधी कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामे करतात, मीटर लावून खात्री करतात आणि चालू यंत्रावर काम करताना एक हात खिशात ठेवतात, म्हणजे धक्का बसलाच तर तो छातीतून आरपार जाऊ नये. ही शिस्त पुस्तकात वाचून अंगी बाणत नाही. शिकवणाऱ्याने हातावर चापट मारून ती शिकवावी लागते.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ सालचा. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत अमेरिका आणि पश्चिम युरोपातले व्हॉल्व्हचे बहुतेक कारखाने बंद पडले. आपल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही रेडिओच्या व्हॉल्व्ह बनत, तेही थांबले. मग गिटारवाल्यांना व्हॉल्व्ह मिळाल्या कुठून? सोव्हिएत संघाच्या लष्करी सामग्रीत त्यांचा वापर दीर्घकाळ टिकून होता. १९७६ साली एक सोव्हिएत वैमानिक मिग-२५ विमान घेऊन जपानमध्ये उतरला, तेव्हा विमान उघडून पाहणाऱ्यांना आत व्हॉल्व्ह सापडल्या आणि आश्चर्य वाटले. शीतयुद्ध संपले आणि रशियातल्या सारातोव्ह शहरातला कारखाना न्यूयॉर्कच्या एका वाद्य-उपकरण कंपनीने चालवायला घेतला. लढाईसाठी उभी राहिलेली भट्टी आता संगीतासाठी तापू लागली. स्लोव्हाकिया आणि चीन येथेही उत्पादन होते. पण २०२२च्या मार्चमध्ये युक्रेन युद्धापायी रशियाने निर्यात रोखली आणि दुकानांतल्या व्हॉल्व्ह हातोहात संपल्या. पुढे वाट मोकळी झाली, भाव मात्र चढले. नकाशा सर्वांकडे आहे, कारागीर तयार आहे. पण नळी फुंकणारे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. या विद्येचा जीव आज तिथे अडकला आहे.

शेवटी दोन कारागिरांबद्दल बोलतो. कॅलिफोर्नियातले अलेक्झांडर डंबल ध्वनिवर्धक हाताने बांधत. ते फार थोडे बांधत आणि मोठमोठे वादक त्यांच्यासाठी ताटकळत. आपली मांडणी कुणी चोरू नये म्हणून त्यांनी अनेक यंत्रांतले महत्त्वाचे भाग घट्ट होणाऱ्या रेझिनखाली पुरून टाकले. २०२२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या जुन्या यंत्रांना आज लाखाहून अधिक डॉलर मोजले जातात. पण रेझिनखालचा एखादा साधा रेझिस्टन्स गेला तर? ते कवच खरवडूनच आत जावे लागते. दुसरे न्यू जर्सीचे केन फिशर. त्यांनीही मोजकेच ध्वनिवर्धक बांधले आणि प्रत्येकाला अनुक्रमांकाऐवजी मुलीचे नाव दिले. आजारपणामुळे पुढे त्यांना फारसे बांधता येईना, तेव्हा त्यांनी आपल्याजवळचे ज्ञान लेखांतून आणि विचारायला येणाऱ्यांना वाटले. २००६ साली ते गेले. त्यांची विद्या अनेकांच्या हातांत फिरते आहे.

डंबल यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. ज्याच्या कष्टाची नक्कल दुसरा विकतो, त्याचे दुःख त्यालाच ठाऊक. पण मी कवितेच्या गावचा माणूस आहे. उर्दू शायरीत उस्ताद शागिर्दाच्या गझलेवर हात फिरवतो, त्याला 'इस्लाह' म्हणतात. सुधारणा, डागडुजी असाच त्या शब्दाचा अर्थ. त्यासाठी शागिर्दाला आपला कागद उघडा करून समोर ठेवावा लागतो. मिटलेल्या कागदावर इस्लाह होत नाही.

आज आपल्या हातातली बरीच उपकरणे गोंदाने बंद केलेली असतात. बॅटरी गेली की उपकरण गेले, आणि नकाशा कुणाकडे मागायचा तेही कळत नाही. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, ते या अडचणीतूनच. कायदा होईल तेव्हा होवो. पण यंत्र बनवणाऱ्याने पुढच्या माणसासाठी एक कागद आत चिकटवून ठेवावा, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. फुलर्टनच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने ती पुरी केली होती. त्या पेट्या अजून वाजत आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)